वर म्हणजे कुठे

आयुष्यात मी पुष्कळ नकाशे काढले. त्यांतला एकच असा आहे की ज्याच्यासमोर अजूनही हात जोडावेसे वाटतात. तो इस्रायलमधल्या लोद गावाचा आहे, आणि तो बरोबर आला याचं श्रेय माझं नाही. उलट तो चुकावा म्हणून मी माझ्या परीने काही कमी केलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याला तेल अविवमध्ये तीन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं, म्हणून ठाण्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडून मी त्याच्याबरोबर गेले. पहिले चार महिने घरात बसून मी इतकी खेकसत असे की संध्याकाळी नवरा दाराबाहेर जरा थांबून, धीर गोळा करून मगच बेल वाजवत असावा. शेवटी त्यानेच कुठूनतरी बातमी आणली. जुन्या शहरांचे नकाशे करणारं एक छोटं ऑफिस आहे आणि त्यांना हाताने रेघ मारणारं माणूस हवं आहे. सगळीकडे कॉम्प्युटर आले होते. हाताने रेघ मारता येणं हे भांडी घासता येण्याइतपतच कौतुकाचं उरलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी तिथे हजर झाले.

ऑफिस म्हणजे चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. आमच्या बाई सत्तरीच्या, लहानपणी रुमानियातून आलेल्या. त्यांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची आणि तीच शोधण्यात त्यांचा रोज अर्धा तास जायचा. काम असं, की आज जमिनीवर नसलेलं शहर कागदावर पुन्हा उभं करायचं. अमुक गल्ली कुठे वळत होती, विहीर कुठे होती, बाजाराचं तोंड कुणीकडे होतं. त्यासाठी इंग्रजांच्या वेळची मोजणी, विमानातून काढलेले फोटो, जुन्या रहिवाशांच्या आठवणी, असं सगळं एकावर एक ठेवून बघायचं. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, त्यावर फोटो, फोटोवर ट्रेसिंगचा कागद, आणि कागदावर आम्ही ओणवे.

बाईंचा एकच नियम होता. दोन साक्षी, मगच शाई. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली, तर ती शाईने गिरवायची. एकानेच सांगितली तर ती पेन्सिलीत राहणार. आणि पेन्सिल छापली जात नाही. मला हा नियम फार आवडला होता, कारण तोपर्यंत मी कुणाला पुसून टाकलं नव्हतं.

मग बाईंनी लोदचा तक्ता माझ्याकडे दिला. इस्रायल झालं त्या अठ्ठेचाळीस सालच्या लढाईत तिथल्या बहुतेक अरब रहिवाशांना गावाबाहेर घालवलं गेलं होतं, थोडे राहिले होते. रिकाम्या घरांत ठिकठिकाणांहून आलेले ज्यू राहायला आले, आणि पुढे ती घरंही पाडली गेली. एकच गाव दोनदा मोडल्यावर त्याच्या गल्ल्या सांगायला कोण उरणार? मशीद आणि चर्च तेवढी भिंतीला भिंत लावून उभी होती. त्यांच्या आसपास माझा कागद कोरा होता.

"एक म्हातारा आहे तिथे," बाई म्हणाल्या. "नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचायचा. रोज त्या गल्ल्यांतून फिरलेला. पण आता हिब्रू सोडून जुन्या भाषेत शिरतो. इंडियन बोलतो. तुझं इंडियन चालेल का त्याला?"

इंडियन नावाची भाषा मला येत नव्हती, पण हो म्हटलं.

लोदमधली तिसऱ्या मजल्यावरची सरकारी वसाहतीतली जागा. दार मुलीने उघडलं. पन्नाशीला टेकलेली, आरोग्य खात्याच्या दवाखान्यात कारकून. मी काय काम आहे ते मोडक्या हिब्रूत सांगायला लागले तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन आयलंय गो?"

मला तिथेच, पायपुसण्यावर उभ्या उभ्या, रडू आलं. त्या देशात नवऱ्याखेरीज कुणी माझ्याशी मराठीत बोललं नव्हतं, आणि नवरा बोलायचा ते बहुतेक "हो, हो" असायचं.

हे काका मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी तो बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. तरुणपणी ते आईला घेऊन लोदला आले आणि दोघं जुन्या गावातल्या एका खोलीत राहिले. त्यांचं मराठी बोटीत बसताना जसं होतं तसंच राहिलं होतं. ऑफिसला हापिस, दिव्याला बत्ती, आणि काही पटलं की "एकदम राइट." मुलीला मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तर हिब्रूत द्यायची. दोघं दोन भाषांत भांडायचे आणि कुणाचं काही अडायचं नाही.

दर मंगळवारी मी जायची. गॅलरीत डब्यात लावलेल्या गवती चहाची पात खुडून काका काळा चहा करायचे आणि मी लिहून घ्यायची. त्यांच्या डोक्यात गाव कसं बसलं होतं म्हणून सांगू! "मशिदीपासून वर आलीस की घाणा. आपल्या तिलाचा नाय, ऑलिव्हचा. घाण्यापासून वर तीन गल्ल्या सोड, विहीर. वर जाताना डाव्या हाताला पावाची भट्टी. विहिरीच्या खालच्या अंगाला आमची खोली. मीटर नंबर पन सांगू?" विहिरीचं मूळचं अरबी नावसुद्धा त्यांना पाठ होतं. "घर आमचं नव्हतंच गो," ते एकदा म्हणाले. "ज्यांचं होतं त्यांचं जातं अंगणात पडलं होतं. माझ्या बायने ते धुवून ठेवलं, दलायला नाय घेतलं. परक्याचं जातं, म्हनायची, त्यांनी येऊन मागितलं तर?" बाय म्हणजे त्यांची आई.

तीन मंगळवारांत माझा ट्रेसिंगचा कागद भरला. मशिदीवर टाचणी टोचून मी सगळं मांडलं आणि कागद विमानातल्या फोटोवर ठेवला. काही म्हणजे काही जुळेना. विहिरीच्या जागी झाडं. भट्टीच्या जागी झाडं. घाणा जिथे म्हणत होते तिथे, फोटोत स्पष्ट दिसत होतं, संत्र्यांची बाग.

तेव्हा मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. फोटोची एक प्रत घेऊन मी काकांकडे गेले आणि म्हटलं, "काका, ही मशीद. ही वरची बाजू. इथे तर बाग आहे."

त्यांनी चष्मा लावला. मशिदीवर बोट ठेवलं आणि मी दाखवलं तसं कागदावर वर वर सरकवलं. बागेत जाऊन बोट थांबलं.

"बागेत मीटर कुठचा?" ते हळूच म्हणाले.

"तेच म्हणते मी. काही गोंधळ होतोय का?"

त्यांनी बोट बागेवरून उचललं. मग चष्मा काढून म्हणाले, "कागद कशाला खोटं बोलेल. माझंच डोकं चळलं गो." त्या दिवशी चहा झाला नाही.

मुलगी दारापर्यंत सोडायला आली आणि तिथे मला सगळं कळलं. दोन महिन्यांपूर्वी काका फिरायला गेले ते हरवले होते. पोलिसाने पत्ता विचारला तर म्हणाले, विहिरीच्या खाली राहतो. तेव्हापासून तिने त्यांना एकटं बाहेर जाणं बंद केलं होतं. नगरपालिकेची जुनी निळी टोपी घातल्याशिवाय काका उंबरा ओलांडत नसत, म्हणून तिने टोपीच कपाटावर, त्यांचा हात पुरणार नाही अशी टाकली होती. शेजारच्या रामला गावात एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. अर्ज भरून टेबलाच्या खणात होता, फक्त तिची सही व्हायची होती. "मी दिवसभर कामावर असते," ती हिब्रूत म्हणाली. "सही करवत नव्हती. पण आता तुझ्या नकाशातही त्यांना स्वतःचं घर सापडलं नाही. तू शिकलेली आहेस, तूच सांग."

मी काही सांगितलं नाही. बसमध्ये बसल्यावर वाटलं की गप्प बसूनच मी सही करायला सांगितली होती. त्या वृद्धाश्रमात "कोन आयलंय गो" असं विचारलं तर उत्तर द्यायला कोण होतं?

ऑफिसात बाईंनी कागद बघितला आणि अंबाड्यातली पेन्सिल चाचपली. "एक साक्षीदार, आणि तोही फोटोच्या विरुद्ध," त्या म्हणाल्या. "पुसून टाक. वाईट वाटून घेऊ नकोस, असं होतं." त्या वाईट नव्हत्या, नियमाने बोलत होत्या. मी खोडरबर हातात घेतलं. मग मला माझाच राग आला आणि मी ते खणात फेकून दिलं. म्हटलं, मंगळवारपर्यंत नाही.

मंगळवारी काका गॅलरीत बसले होते. माझ्याकडे वही नव्हती. विचारायला काही नव्हतं आणि त्यांनाही सांगायला धीर नव्हता. सप्टेंबरची दुपार, अंगाची लाही होत होती. चारच्या सुमाराला गवती चहाची पाती हलली.

"हां," काका म्हणाले, "खालचा वारा सुटला. आता बरं वाटेल."

मी सवयीने कठड्यावरून खाली वाकून बघितलं. खाली मोटारी उभ्या होत्या. "खालून कसा येईल वारा, काका? समोरून येतोय."

"दर्या खाली नाय का?" त्यांनी मावळतीकडे हात केला. मी वेडगळ काहीतरी विचारलं असावं तसे ते माझ्याकडे बघत होते.

मी कठडा सोडून त्यांच्याकडे वळले. "आणि वर म्हणजे?"

"वर म्हंजे डोंगर. उगवतीला." मग कीव येऊन त्यांनी समजावून सांगितलं. "आपल्या कोकनात दर्या खाली, घाट वर. हितंपन तसंच. येरुशलेमला हे लोक चढून जातात म्हनतात ना? ते उगाच?"

लोद तव्यासारखं सपाट. तिथे चढ नाही, उतार नाही, त्यामुळे वर म्हणजे कागदाची वरची कड, म्हणजे उत्तर, हे मी धरूनच चालले होते. कोकणातल्या माणसाचं वर मी ड्राफ्ट्समनच्या टेबलावर मोजत होते. माझं आजोळ श्रीवर्धनचं. "वरल्या आळीला जाऊन ये" हे लहानपणी मी शंभरदा ऐकलं होतं आणि एकदाही उत्तरेला गेले नव्हते. काकांना नुसतं "बोट करून दाखवा" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण शिकलेल्या माणसाला सोपं काही सुचेल तर ना.

मी चप्पल कशीबशी अडकवली आणि तेल अविवची बस पकडली. बाई निघण्याच्या तयारीत होत्या. दिव्याचं टेबल लावलं, फोटो ठेवला, वर कागद ठेवला, मशिदीच्या जागी टाचणी टोचली आणि कागद घड्याळाच्या काट्यासारखा पाव फेरा फिरवला.

विहीर विहिरीवर बसली. फोटोत नुसता काळा ठिपका होता, त्यावर माझं पेन्सिलीचं वर्तुळ नेमकं. तीन गल्ल्या. डाव्या हाताची भट्टी आता उत्तरेला गेली होती आणि तिथे खरोखरच धुराड्याची बारीक सावली होती. विहिरीच्या खालच्या अंगाला, पश्चिमेला, एक चौकोन. काका आणि त्यांची बाय.

बाई बराच वेळ ओणव्या होत्या. मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. माझ्या टेबलासमोर एका फार जुन्या नकाशाची प्रत टांगलेली होती. त्यात समुद्र खालच्या कडेला होता, डोंगर वर, कारण तेव्हाचे नकाशे करणारे पुष्कळदा पूर्व वर धरत. मी वर्षभर तो शोभेचा म्हणून बघत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझ्यासाठीच असावं.

"दोन साक्षी," बाई म्हणाल्या. त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल पहिल्या झटक्यात शोधली आणि काढून टेबलावर ठेवली. "घे शाई."

दुसऱ्याच दिवशी, बुधवार असूनही, मी फोटो आणि शाईचा कागद घेऊन लोदला गेले. मुलगी कामावरून यायची होती, ती येईपर्यंत मी थांबले. मग दोघांसमोर कागद पसरला, पण ह्या वेळी पूर्व वर धरून. "काका, ही मशीद," मी म्हटलं. "आता चला वर."

त्यांचं बोट निघालं. त्याला विचारावं लागलं नाही. घाणा, गल्ली, गल्ली, गल्ली, भट्टीपाशी जरा थबकलं, बहुधा वासाने, आणि विहिरीवर आलं. मग खाली सरकून चौकोनात थांबलं.

"हितं बाय बसायची," ते म्हणाले. "एकदम राइट."

मी मुलीला हिब्रूत सांगितलं की चूक माझी होती. व्याकरण चुकलं असेल, पण मी एकेक शब्द सावकाश सांगितला. काकांचं गाव बरोबर होतं, मी कागद चुकीचा धरला होता. त्या दिवशी ते हरवलेही नसतील. पोलिसाला त्यांनी जुनं घर सांगितलं, एवढंच. ऐकून ती उठली, आतल्या खोलीत गेली. मला वाटलं आता अर्ज आणून दाखवते. ती स्टूल घेऊन आली, त्यावर चढली आणि कपाटावरची निळी टोपी काढून, धूळ झटकून, वडिलांच्या हातात दिली.

म्हातारपण काही त्यामुळे पळून गेलं नाही. काका कधी कधी दोनदा चहा करायचे आणि एकदाही प्यायचे नाहीत. पण अर्ज खणातच राहिला. नकाशा छापून आला तेव्हा मुलीने मलिदा केला. गोड पोहे, त्यात खोबरं, वर फळं, त्यांच्या नबीच्या, म्हणजे प्रेषिताच्या, नावाने आभाराची प्रार्थना. त्यांच्याकडे मनासारखं झालं की करतात. काकांनी पहिला घास मला दिला. खरं तर तो मीच त्यांना द्यायला हवा होता. त्या तीन वर्षांत मला एक घर मिळालं, एक काका मिळाले, आणि माझ्याच भाषेतला एक शब्द परत मिळाला, जो माझ्या तोंडात असून मी हरवला होता.

त्यानंतर महिन्याभराने ऑफिसात मुलीचा फोन आला. ती माझ्याशी कधी नव्हे ते मराठीत बोलली. वडिलांना हिब्रूतही अब्बाच म्हणतात. "अब्बा वर गेले," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसले. "कधी?"

"आत्ता. चहा पिऊन."

"त्रास झाला का फार?"

"कसला त्रास? टोपी घालून गेले, एकटे. मी म्हटलं पाचला परत या."

मला हसू आवरेना आणि डोळेही पुसता येईनात. मराठीत "वर गेले" म्हणजे काय ते मी तिला समजावून सांगितलं, तेव्हा ती आधी घाबरली आणि मग इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला. काका जुन्या विहिरीकडे गेले होते. तिथे आता मोटारी उभ्या करायची जागा आहे. ते जाऊन एका कठड्यावर बसतात आणि पाचच्या आत घरी येतात, असं तिने नंतर सांगितलं.

मुदत संपली, आम्ही ठाण्याला परतलो. नकाशाची एक प्रत बाईंनी मला दिली. ती मी दिवाणखान्यात पूर्व वर धरून टांगली आहे. सगळी अक्षरं आडवी पडतात, आलेलं माणूस मान वाकडी करून वाचतं आणि नवरा दर वेळी सांगतो की हिने मुद्दाम तसं लावलंय. मीही दर वेळी विहीर दाखवते.

काही वर्षांनी एका सकाळी परदेशातून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला. "अब्बा वर गेले," ती मराठीत म्हणाली.

मी वेडी आशा धरून विचारलं, "टोपी घालून?"



"नाही," ती म्हणाली. "टोपी इथेच आहे."